पाकिटातली माती

आमचे विभागप्रमुख डॉ. नवल बोरोले भिंगाच्या काचेला थुंकी लावतात, शर्टाच्या टोकाने पुसतात आणि मग तेच भिंग माझ्या हातात देतात. अकरा वर्षं मी ते भिंग डोळ्याला लावते आहे. सुरुवातीला शिसारी यायची. मग मी पर्समध्ये कापूस ठेवायला लागले. वळल्यासारखं करून काच पुसायची आणि म्हणायचं, "छान दिसतंय सर."

मी हेमांगी वाघुळदे. जळगावातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला मी नवी आणि दर एप्रिलला जुनी. कॉलेजचं नाव सांगत नाही, माझ्या कानांना ते पुरेसं ऐकून झालंय. यंदा आमच्या विभागात कायम नोकरीची एक जागा निघाली. मी बेचाळीसची आहे. पुढची जागा निघेल तेव्हा मी शिकवण्याच्या वयात असेन की गुडघ्यांना तेल चोळत बसलेली असेन, सांगता येत नाही. मुलाखत वीस मार्चला होती, आणि मुलाखत घेणाऱ्यांत दोन माणसं महत्त्वाची होती. एक बोरोले सर. दुसरे संस्थेचे अध्यक्ष सुरेशचंद शेठ.

हे सगळं आधीच सांगून ठेवते. पुढे मी जे केलं त्याला कारण हवं म्हणून नाही, कारण ते होतंच म्हणून.

फेब्रुवारीच्या मध्यावर सरांनी अचानक सातपुड्यात जायचं काढलं. यावलच्या वर, जिथे डांबर संपतं तिथून पुढे तासभर चालायचं. मी, सर आणि आमचे प्रयोगशाळा परिचर भटूभाऊ. भटूभाऊ धुळ्याकडचे, तीस वर्षं सरांच्या मागे पिशव्या वाहतात. फेब्रुवारीत सातपुड्यात बघायला असतं काय? गवत वाळलेलं, सागाला पान नाही, पायाखाली मुरूम करकरतोय. मी मनात म्हणत होते, याला आत्ताच कुठून जंगलाची उचकी लागली.

एका ओघळीच्या सावलीच्या बाजूला सर पुढे गेले आणि त्यांनी हाक मारली, "अहो मॅडम! धावत या! हे काय आहे बघा!"

मी धावत गेले, आणि खरंच सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दगडांच्या मध्ये आयरिस उभं होतं. रानातलं, डोंगरातलं आयरिस. पातळ तलवारीसारखी पानं, एकात एक घडी घालून पंख्यासारखी बसलेली. वर दोन फुलं, जांभळी, गडद ठिपक्यांची. बाहेरच्या तीन पाकळ्या खाली झुकलेल्या आणि त्यांच्या मधोमध दाढीसारखी केसांची रांग. आतल्या तीन उभ्या. मी गुडघ्यावर बसले आणि पुंकेसर मोजले. तीन. फुलाच्या खाली बोट फिरवलं, बी धरणारं किंजपुट पाकळ्यांच्या खाली होतं. लिलीच्या मंडळींना सहा पुंकेसर असतात, आयरिसच्या कुळात तीनच. एवढ्यावर कूळ ठरतं. हे मी अकरा वर्षं मुलांकडून घोकून घेते. मंगल कार्यालयाबाहेर टाकलेले ग्लॅडिओलसचे दांडे आणायला सांगते, कारण आमच्या भागात या कुळातलं फुकट मिळणारं फूल तेवढंच. दुसरं केशर, पण ते देव्हाऱ्यात आणि बासुंदीत. रानटी आयरिस पाहायचं तर हिमालय गाठावा लागतो. सातपुड्यात ते कुणी पाहिल्याचं मी वाचलं नव्हतं.

"सर," मी म्हणाले, "हे इथे कसं?"

"तेच तर," सर म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "निसर्गाला काय अशक्य आहे?"

भटूभाऊ लांब उभे राहून तंबाखू मळत होते. त्यांनी फुलाकडे एकदाही पाहिलं नाही. तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याला त्यात काय कळणार. आता त्या विचाराचीही लाज वाटते.

सरांनी स्वतः खुरपं चालवलं. जमीन लोण्यासारखी कापली गेली. शेजारचं एक रोप मी खणून घ्यायला गेले तर मुरमावर माझ्या खुरप्याचं टोक वाकलं. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. आनंदात माणूस किती बिनडोक होतो. परतीच्या गाडीत मी ते झाड ओल्या गोणपाटात गुंडाळून लेकरासारखं मांडीवर धरलं होतं.

आमच्याकडे नमुना तयार करायची ठरलेली पद्धत आहे. झाड मुळासकट आणायचं, मुळं धुवायची, कागदांत दाबायचं, वाळवायचं, मग जाड कागदावर शिवून त्याची नोंदचिठ्ठी लावायची. कागदाच्या कोपऱ्यात एक छोटं पाकीट चिकटवतात. गळालेली पाकळी, सुटलेलं बी, तुटलेलं मूळ, जे काही त्या झाडाचं म्हणून हाताला लागेल ते फेकायचं नाही, त्या पाकिटात ठेवायचं. शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तो ते पाकीट उघडून बघेल, म्हणून.

मुळं धुणं हे काम आमच्याकडे मी करते. बोरोले सरांनी वीस वर्षांत एक मूळ धुतलेलं नाही. त्यांचे हात खराब होतात. तिथेच ते चुकले.

नळाखाली गड्डा धरला तर वरवरची लालसर माती आधी गेली. आतून वेगळंच काही निघायला लागलं. तपकिरी, हलकं, तंतूतंतूंचं. पाण्यावर तरंगणारं. मी ते चिमटीत घेतलं. नारळाचा भुसा होता, नर्सरीवाले कुंडीत भरतात तो. त्यात थर्माकोलच्या बारीक गोळ्यांसारखे पांढरे दाणे. आणि मुळांच्या अगदी आत, गाठीत अडकलेला, काळ्या प्लॅस्टिकच्या जाळीच्या कुंडीचा बोटभर तुकडा.

मी नळ बंद केला. सातपुड्यात नारळ होत नाही, हे सांगायला पीएचडी लागत नाही.

कॉलेजच्या मागे हिरव्या जाळीखाली सरांची रोपवाटिका आहे. किल्ली त्यांच्याकडे असते, पण जाळीला भोक आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे. मी वाकून आत गेले. कोपऱ्यात, जिथे दुपारी कूलर लावून ठेवतात तिथे, चार ओल्या गोल खुणा जमिनीवर दिसत होत्या. कुंड्या उचललेल्या. मला ओकारी आली. खरोखरची. मी जाळीला धरून उभी राहिले आणि डबा खाल्ला नव्हता म्हणून निभावलं.

भटूभाऊ मागे येऊन उभे होते.

"दोन साल पहिले कुल्लूनी सहल गयथी ना," ते हळू म्हणाले. "सरनी स्वेटरमा गुंडायी लयेल शे. मीच पानी घालं."

"आणि डोंगरावर कुणी लावलं?"

"ताई, तुमी माले इचारू नका. पाच म्हईना राह्यनात मना. तोंड उघाडं की मनी पेन्शन गयी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माले बठ्ठं माहीत शे, आन माले काहीच माहीत नही."

मी त्यांच्यावर चिडले. निदान चिडायला कुणीतरी हवं होतं.

सरांच्या केबिनमध्ये मी कुंडीचा तुकडा टेबलावर ठेवला. ते चहा पीत होते. बशीत ओतून, आवाज करत. तुकड्याकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं होतं घाबरतील. कमीत कमी तोंड तरी उतरेल. त्यांनी उरलेला चहा संपवला आणि मिशीची कड चाटली.

"बसा मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही हुशार आहात हे मी नेहमी सांगतो सगळ्यांना."

मी उभीच राहिले.

"सुरेशचंद शेठच्या मातोश्री ऐंशीच्या झाल्या. जतनबाई. त्यांना झाडांचं वेड. गच्चीवर दीडशे कुंड्या आहेत, माळी ठेवत नाहीत, सगळं स्वतः करतात. वाढदिवसाला शेठना त्यांना काहीतरी द्यायचंय, जे पैशाने मिळत नाही. आता जे पैशाने मिळत नाही ते कोण देणार? आपण." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर इंग्रजी अक्षरांत टाइप केलं होतं: आयरिस जतनी. खाली शोधकर्ते म्हणून दोन नावं. त्यांचं आणि माझं. "नवी जात. हिमालयातल्यांची दाढी पिवळी टोकं दाखवते, आपली पांढरी आहे."

"सर, ही हिमालयातलीच आहे. तुम्ही आणलीय."

"कोण म्हणतं?"

"मुळं म्हणतात."

ते हसले. त्यांच्या दातांत बिस्कीट होतं. "मुळं धुतली ना तुम्ही? मग संपलं. विज्ञानाचं यात काय बिघडतं सांगा. एक म्हातारी खूश होते. एक फूल तिच्या नावाने राहतं. छापणारं मासिक तयार आहे, ते कुणाचं काही परत पाठवत नाहीत. आणि वीस तारखेला तुम्ही मुलाखतीला बसाल तेव्हा शेठ म्हणतील, अरे, याच का त्या, आईच्या फुलावाल्या."

मग त्यांनी भिंग काढलं, काचेवर थुंकी लावली, पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. "घ्या. वर्णन तुम्ही लिहा. तुमचं इंग्रजी चांगलं आहे."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक इतकाच की तोंड मीच दाबून धरलं होतं. मी भिंग घेतलं. कापूसही काढला नाही.

वर्णन मी लिहिलं. पानांची लांबी, पाकळ्यांवरचे ठिपके, तीन पुंकेसर, पाकळीसारखे पसरलेले किंजल्क. शब्द न शब्द खरा होता, फक्त गावाचं नाव खोटं. ठिकाण या रकान्यात मी "यावल परिसर, सातपुडा" लिहिलं तेव्हा बोटांना चिकट काही लागल्यासारखं झालं आणि मी तीनदा साबणाने हात धुतले. घरी गेल्यावर पोळ्या लाटतानाही तो वास येत होता. कुजक्या गड्ड्याचा. सासूबाई म्हणाल्या, कसला वास गं? मी म्हटलं, कॉलेजचा.

पण नमुना शिवताना मी एक गोष्ट केली. तो भुसा, ते पांढरे दाणे आणि जाळीचा काळा तुकडा मी वाळवून ठेवले होते. ते पाकिटात घातले. पाकिटावर नियमाप्रमाणे लिहिलं: "मुळांतून निघालेले." खाली माझी सही आणि तारीख. बस, एवढंच. एक अक्षर खोटं नाही.

त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते. मला वाटलं, मी गप्प बसलेली नाही. कधीतरी, पन्नास वर्षांनी, पुण्याचा नाहीतर कलकत्त्याचा कुणी शहाणा माणूस हे पाकीट उघडेल आणि बोरोले नावाच्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर येईल. तोपर्यंत मी निवृत्त होऊन, पेन्शन घेऊन, कदाचित मरूनसुद्धा गेलेली असेन. केवढं माझं शौर्य! मांजर डोळे मिटून दूध पितं, मी डोळे मिटून सत्य सांगत होते.

सोळा मार्चला कार्यक्रम झाला. सभागृहात खुर्च्या, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर आयरिसचं फूल जतनबाईंच्या चेहऱ्याएवढं. सुरेशचंद शेठ पहिल्या रांगेत, डोळे पुसत. तो माणूस खरंच आईवर जीव टाकतो, त्यात खोट नाही, आणि म्हणून तर बोरोले सरांना त्याचा वापर करता आला. सरांनी भाषण केलं. केशर आणि आयरिस ही एकाच कुळातली भावंडं, म्हणाले. जी माऊली ऐंशी वर्षं देवाला केशर वाहत आली, तिच्यासाठी डोंगराने केशराची बहीण पाठवली, म्हणाले. लोक गहिवरले. कुळाची माहिती बरोबर होती. मीच लिहून दिली होती.

जतनबाई लहानखुऱ्या, पांढरी साडी, नखांत माती. व्यासपीठावरच्या टेबलावर नमुन्याचा कागद प्लॅस्टिकच्या आवरणातून काढून त्यांच्यापुढे ठेवला होता. फोटो काढणाऱ्याला चमक नको होती म्हणून. सर माइकवर होते. मी शेजारी उभी, कागद उडू नये म्हणून कोपरा धरून.

जतनबाईंनी आधी फूल पाहिलं. सुकलेल्या पाकळीवरून बोट न लावता हात फिरवला. मग मुळं पाहिली. मग त्यांनी विचारलं, "हे पाकीट कशाचं, बेटी?"

"सुटलेले भाग ठेवतात, माँजी. पाकळ्या, बिया."

त्यांनी ते उघडलं. मी अडवू शकले असते. "माँजी, नाजूक असतं," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मी बघत राहिले, कारण माझा एक भाग तेच मागत होता. कुणीतरी बघावं आणि माझ्या तोंडून न निघालेलं त्यांच्या तोंडून निघावं.

त्यांनी भुसा तळहातावर घेतला. अंगठ्याने चोळला. नाकाजवळ नेला. पांढरा दाणा नखाने फोडला. काळा तुकडा वर धरून उजेडात पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. म्हातारीचे डोळे स्वच्छ होते.

"हे काय आहे?"

खाली पहिल्या रांगेत सुरेशचंद शेठ आमच्याकडेच बघत होते, हसऱ्या चेहऱ्याने. सर माइकवर "आमच्या तरुण सहकारी वाघुळदे मॅडम" म्हणत होते. वीस तारखेला चार दिवस होते. भटूभाऊ दाराशी उभे होते आणि पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"माती आहे, माँजी," मी म्हणाले. "तिथलीच."

जतनबाईंनी काळा तुकडा तळहातावर परत ठेवला. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "माझ्या गच्चीवर हिची सहा पोती आहेत, बेटी. मीच भरते."

त्यांनी भुसा पुन्हा पाकिटात घातला. कण न कण. तळहात झटकला नाही, बोटाने पुसून तेही आत ढकललं. पाकिटावरची माझी सही वाचली. पाकीट मिटलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलू देत. एकदाचं फुटू दे. मी खरंच तयार होते. दुसऱ्याने बोलायचं असेल तर मी कायमच तयार असते.

सरांनी माइक त्यांच्यापुढे धरला. "माऊली, दोन शब्द."

जतनबाईंनी पहिल्यांदा मुलाकडे पाहिलं. सुरेशचंद शेठ लहान मुलासारखे पुढे झुकले होते. त्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी काय ठरवलं ते मला दिसलं. भर सभेत त्या मुलाचं हसं होऊ देणार नव्हत्या.

"फूल छान आहे," त्या म्हणाल्या. "पण याला माझं नाव नको."

 सरांच्या कपाळावर घाम आला, आणि तो बघूनसुद्धा मला बरं वाटलं नाही.

"मी काय केलं याच्यासाठी? काही नाही. याची मुळं हिने धुतली." त्यांनी माझं मनगट धरलं. हात खरखरीत होता आणि पकड घट्ट. "याच्यात काय आहे, काय नाही, हिला सगळं माहीत आहे. हिने सहीपण केली. मग याला नाव हिचंच पाहिजे. हिचंच द्या."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळं सभागृह वाजायला लागलं. केवढं मोठं मन, शेजारच्या बाई म्हणाल्या. सुरेशचंद शेठ उभे राहिले, रडत होते, हसत होते, आईकडे बघून हात जोडत होते. बोरोले सर तर माझ्याही आधी सावरले. "व्वा! आयरिस हेमांगी! आजपासून आयरिस हेमांगी!" ते माइकवर ओरडले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांचा हात ओला होता. ब्लाउजमधून कळलं.

जतनबाईंनी माझं मनगट सोडलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना धरून खाली नेलं तेव्हा वाटेत त्यांनी एका माणसाकडे पाणी मागितलं आणि हात धुतले.

कुणीतरी माझ्या हातात गुच्छ दिला. ग्लॅडिओलसचा. मी सवयीने एका फुलात बघितलं. तीन पुंकेसर होते. भटूभाऊ दाराशी नव्हते.

चार दिवसांनी मुलाखत झाली. पाच मिनिटं. शेठ म्हणाले, "यांना काय विचारायचं?" आणि कुणी काही विचारलं नाही.

पण कार्यक्रमाच्या दिवशी, सभागृहाच्या पायऱ्यांवर, वर्तमानपत्राचा एक पोरगेला बातमीदार वही घेऊन आला होता. म्हणाला, "मॅडम, फुलाचं नाव शास्त्रीय आहे, छापताना चूक नको. जरा नीट सांगता?"

माझ्या तोंडात भिंगाच्या काचेची चव आली होती. मी गुच्छ दुसऱ्या हातात घेतला आणि त्याला माझं नाव सांगितलं, एकेक अक्षर, सावकाश, त्याचं लिहून होईपर्यंत.